गियर ऑइल, वतन आणि आपले शिकलेले हात

विहारातल्या बैठकीत आम्ही एक साधी सूचना मांडली होती. चळवळीची जी जुनी बोलेरो पिकअप आहे, तिच्या गियरबॉक्सचं आणि मागच्या डिफरन्शियलचं ऑइल यापुढे आपणच बदलायचं. त्यासाठी एका रविवारी विहाराच्या आवारात दहा-पंधरा पोरापोरींनी जमायचं. आमचं बोलणं संपायच्या आत एक ज्येष्ठ कार्यकर्ते उभे राहिले आणि म्हणाले, "बाबासाहेबांनी तुमच्या हातात पेन दिला. तो खाली ठेवून तुम्ही पाना धरायला निघालात?"

टाळ्या पडल्या. आमच्यातल्याही काहींनी वाजवल्या.

सरांबद्दल आम्हाला आदर आहे. नामांतराच्या लढ्यात त्यांनी लाठ्या खाल्ल्या तेव्हा आमच्यातले बहुतेक जण जन्मलेही नव्हते. म्हणूनच या प्रश्नाचं उत्तर नीट द्यायला हवं. प्रश्न ऑइलचा दिसतो, पण त्याच्या खाली दुसरंच काही साचलेलं आहे, आणि ते काढायचा बोल्ट अनेक वर्षांत कुणी उघडलेला नाही.

आधी गाडीची हकीकत. 2009 सालचं मॉडेल, दुसऱ्या मालकाकडून वर्गणी काढून घेतलेलं. पुस्तकांची खोकी, तंबूचे बांबू, सतरंज्या, ध्वनिक्षेपक, कधी आजारी माणूस, कधी मोर्चाची पोरं. नांदेडहून नागपूर, मुंबई, महाड, भीमा कोरेगाव, सगळं तिने केलं. ती चालवतात आमच्या वस्तीतले काका. दहावी नापास, पण तीस वर्षांचा हात.

गेल्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांचा स्टॉल घेऊन नागपूरला निघालो. यवतमाळ मागे टाकलं आणि कळंबच्या अलीकडे तिसऱ्या गियरला गाडी अक्षरशः किंचाळायला लागली. रात्रीचे अकरा वाजलेले. रस्त्याकडेला एका छोट्या गॅरेजात एक म्हातारे मिस्त्री चाचा झोपले होते, ते उठले. बॅटरी घेऊन गाडीखाली सरकले, गियरबॉक्सच्या बाजूचा बोल्ट सोडवला आणि आम्हाला खाली बोलावलं. "उंगली डाल के देखो, बेटा." आमच्यातल्या एकाने करंगळी घातली. कोरडी बाहेर आली.

आमच्या फाइलमध्ये शहरातल्या एका गॅरेजची दोन बिलं होती. दोन्हींवर लिहिलेलं, गियर ऑइल बदली. पैसे दिलेले, पावती घेतलेली, जमाखर्चात नोंद झालेली, ऑडिट झालेलं. ऑइल तेवढं नव्हतं. मधल्या काळात ते गळून गेलं असेल असं म्हणावं, तर बॉक्सखाली ओल नाही, आणि उभ्या गाडीखाली काकांनी कधी डाग पाहिलेला नाही. चाचांनी ऑइल भरलं, रास्त पैसे घेतले, आणि गाडी हळू चालवायला सांगून परत झोपायला गेले.

पण या लेखाचा विषय ते गॅरेज नाही. गिऱ्हाईक खाली वाकणार नाही हे ज्याला माहीत आहे, तो फसवतो. विषय पुढे आहे.

परतताना काका म्हणाले, "मी दोनदा सांगितलं होतं." आम्ही घरी येऊन बैठकीच्या इतिवृत्ताची वही उघडली. काका दोन्ही बैठकांना हजर होते, पण वहीत त्यांच्या बोलण्याची एक ओळ नाही. त्यांनी नेमकं काय सांगितलं होतं ते आता आठवलं. ते म्हणाले होते, "तिसऱ्याला रडते, चौथ्याला गप्प बसते. म्हणजे दुखणं मागं नाही, बॉक्समध्येच आहे." या वाक्याचा अर्थ आम्हाला नंतर कळला. अशा गाड्यांत चौथा गियर थेट असतो, जोर सरळ मुख्य शाफ्टमधून जातो. बाकीच्या गियरला तो खालच्या शाफ्टच्या दातांमधून फिरून येतो. चौथ्याला आवाज कमी आणि तिसऱ्याला जास्त, म्हणजे बिघाड गियरबॉक्समध्ये. डिफरन्शियलमध्ये असता तर कोणत्याही गियरला वेगासोबत तो वाढत गेला असता. निरीक्षण, तुलना, निष्कर्ष. समाजशास्त्राच्या एम.ए.ला संशोधन पद्धतीच्या पेपरात हेच शिकवतात. आम्ही तो पेपर उत्तम गुणांनी सोडवला, आणि समोर बसलेल्या माणसाने तोंडी सोडवून दाखवला तेव्हा "बघू काका, गॅरेजला दाखवू" म्हणून पुढच्या विषयाकडे वळलो.

गोपाळ गुरू यांनी 2002 साली एका गाजलेल्या निबंधात विचारलं होतं की भारतातल्या समाजशास्त्रांमध्ये सिद्धांत मांडायचा अधिकार कुणाकडे आहे आणि नुसती माहिती पुरवायचं काम कुणाच्या वाट्याला येतं. विद्यापीठात तो निबंध वाचताना आमचं रक्त उसळायचं. आपण माहिती पुरवणारे, ते सिद्धांत मांडणारे. आणि आमच्याच विहारात, आमच्याच सतरंजीवर, आमच्याच वस्तीतला माणूस आमच्यासाठी 'ड्रायव्हर' झाला होता. कार्यक्रमाच्या पत्रकावर संयोजक, सहसंयोजक, प्रसिद्धीप्रमुख अशी सगळी नावं असतात. काकांचं नाव एकाही पत्रकावर नाही. वाटेत जेवायला थांबलो की ते गाडीजवळ डबा उघडायचे, आणि आम्हाला ते खटकायचं नाही. जात म्हणजे कामाची वाटणी एवढंच नव्हे, काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड लावून केलेली वाटणी, हे बाबासाहेबांनी 1936 साली जातिनिर्मूलनाच्या ग्रंथात मांडलं. आम्ही ते पाठ केलं आणि उतरंडीवर एक पायरी वर जाऊन बसलो.

आता सरांच्या प्रश्नाकडे. त्यात एक पक्कं सत्य आहे, ते आधी मान्य करू. श्रमाचे गोडवे या देशात नेहमी त्यांनीच गायले ज्यांना तो श्रम करायचा नव्हता. भंग्याच्या कामाला सेवेचा आणि पावित्र्याचा मुलामा गांधीजींनी चढवला, आणि बाबासाहेबांनी 1945 च्या ग्रंथात त्याची चिरफाड केली. महाडच्या 1927 च्या परिषदेत मेलेली जनावरं ओढणं, मृतमांस खाणं सोडा असं त्यांनी सांगितलं. 1928 ला मुंबई विधिमंडळात महार वतनाचं बिल आणलं, कारण वतन म्हणजे ठरलेली वेळ नाही, धड मजुरी नाही, नाही म्हणायची मुभा नाही, आणि बापामागून पोराच्या मानेवर तेच जू. ती कामं सोडा म्हणणाऱ्या माणसाचे वारस आपण आहोत. उद्या कुणी 'हाताच्या कामात कमीपणा कसला' म्हणत आपल्या पोरांना गटारात उतरवू पाहील, तर त्याला उत्तर द्यायला सरांच्या पुढे आम्ही असू.

पण पाना म्हणजे वतन नव्हे. इथे सरांची चूक होते, आणि ती लहान नाही.

फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, ही मांडणी तिथलीच. ती आपल्या प्रत्येक भाषणात येते. त्याच भाषणातला दुसरा भाग मात्र कुणी सांगत नाही. रेल्वेत आपला माणूस जन्मभर गँगमन राहतो, वर्कशॉपमध्ये तो मिस्त्री किंवा फोरमन क्वचितच होतो, हमाल म्हणून लागतो आणि हमालच राहतो, ही तक्रार बाबासाहेबांनी तिथे मांडली. मुंबईच्या गिरण्यांतही तेच. विणकाम खात्यात मजुरी जास्त, पण तिथे धागा तोंडात धरावा लागतो, म्हणून आपल्या माणसाला त्या खात्यात प्रवेश नाही. 1928 च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांसमोर लावून धरला. म्हणजे मेलेलं ढोर ओढायची आपल्यावर सक्ती होती आणि यंत्राला हात लावायची बंदी. एक सक्ती आणि एक बंदी, दोन्ही जातीच्याच. सर पहिलीविरुद्ध लढले आणि दुसरी नकळत पाळत बसले.

पाना आपल्या हातातून कुणी काढून घेतला असं म्हणणंही बरोबर नाही. तो आपल्याला दिलाच नव्हता. पेन जसा मिळवावा लागला, तसाच हाही.

इथे एक धोका आहे आणि तो आम्हाला दिसतो. आमचा लेख वाचून कुणी म्हणेल, बघा, यांचेच लोक म्हणतात, कौशल्य शिका, पीएच.डी. कशाला करता? तर असं म्हणणाऱ्यांनी आमच्या वाटेला जाऊ नये. 1953 साली मद्रास राज्यात राजाजींनी योजना आणली, पोरांनी अर्धा वेळ शाळेत आणि उरलेला वेळ बापाच्या धंद्यात. पेरियारांनी तिला कुलशिक्षण म्हणून झोडपलं आणि 1954 ला ती मागे घ्यावी लागली. 17 सप्टेंबर 2023 ला केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना आणली. त्यात 18 पारंपरिक व्यवसाय आहेत. चांभार आहे, न्हावी आहे, धोबी आहे, कुंभार आहे, टोपल्या-झाडू करणारा आहे, आणि गुरू-शिष्य परंपरेचं कौतुक आहे. गाडी दुरुस्त करणारा त्यात नाही. का नाही, हे आम्ही वाचकांवर सोडतो. ज्या कामाला जात चिकटलेली नाही, ते 'परंपरेत' बसत नाही एवढं नक्की. आमच्या रविवारच्या शिकवणीत एक पोरगी एम.फार्म. करणारी होती, एक पोरगा नेट-सेटची तयारी करणारा. शिष्यवृत्तीचा अर्ज त्यांनी भरलेलाच आहे, आणि हफ्ता अडकला तर समाजकल्याण कार्यालयासमोर बसायलाही आम्हीच जाणार आहोत.

तर रविवारी काय झालं ते सांगतो, कारण अनेक तालुक्यांतून विचारणा झाली आहे.

शिकवणारे काका होते. आम्ही वही-पेन घेऊन बसलो होतो.

पहिलं, पिकअप उंच असते, बारीक अंगाचा माणूस जॅक न लावता खाली सरकतो. म्हणून जॅक लावायचाच नाही. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, पहिल्या गियरमध्ये, किल्ली खिशात, चाकांना पुढून-मागून दगड. कुणाची गाडी बुटकी असेल आणि उचलावीच लागली तर पक्क्या लोखंडी स्टँडवर ठेवा, आणि सगळी सारख्या उंचीवर, नाहीतर पातळी चुकते. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर टेकवलेल्या गाडीखाली जाणारा माणूस स्वतःच्या जिवाशी खेळतो.

दुसरं, आधी पाच-सात किलोमीटर गाडी फिरवून आणायची. गियर ऑइल थंड असताना काकवीसारखं घट्ट असतं, कोमट झालं की गाळ घेऊन बाहेर पडतं. सायलेन्सरच्या नळीला मात्र हात लागू देऊ नका.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, आणि काकांनी ते तीनदा वदवून घेतलं. खालचा, निचऱ्याचा बोल्ट सोडवायच्या आधी वरचा, भरायचा बोल्ट सोडवायचा. वरचा गंजून बसलेला असेल आणि तुम्ही खालून सगळं ऑइल सोडून दिलं, तर गाडी तिथेच उभी. ना भरता येतं, ना चालवता येतं. आमच्या मागच्या हौसिंगचा वरचा बोल्ट खरोखरच हलत नव्हता. डिझेलमध्ये भिजवलेलं फडकं तासभर गुंडाळून ठेवलं, पान्याच्या दांड्यात लोखंडी नळी घालून लांबी वाढवली, तेव्हा तो कुरकुरत सुटला. पाना योग्य मापाचाच हवा. कोपरे झिजले की मग छिन्नी-हातोड्याची पाळी येते.

खाली घमेलं ठेवून बोल्ट काढला. गंधकासारखा कुबट वास येतो, तो ऑइलमधल्या रसायनाचा, घाबरू नका. बाहेर आलेल्या ऑइलकडे बघणं हाच खरा अभ्यास आहे. नुसतं काळं असेल तर ते म्हातारं झालंय. दुधाळ चहासारखं असेल तर पाणी शिरलंय. पुलावरच्या पुरातून गाडी घातली असेल तर हे हमखास होतं. निचऱ्याच्या बोल्टच्या टोकाला बहुधा चुंबक असतो. त्यावर काजळीसारखा मऊ लेप असणं स्वाभाविक. टोचणारे तुकडे लागले तर दात तुटलाय, मग मिस्त्रीच गाठायचा. आमच्या गियरबॉक्सच्या ऑइलमध्ये पिवळे कण चमकत होते. ते पितळ, म्हणजे गियर पडताना वेग जुळवून घेणाऱ्या कड्यांचं. कोरड्या बॉक्सने किती दिवस स्वतःला खाल्लं, त्याचा हिशोब घमेल्यात दिसत होता. वहीत नसलेली काकांची ती ओळ आम्हाला घमेल्यात वाचायला मिळाली.

ऑइल कोणतं भरायचं ते दुकानदाराला विचारू नका, गाडीच्या पुस्तिकेत बघा. आमच्या पुस्तिकेप्रमाणे गियरबॉक्सला जीएल-4 दर्जाचं आणि मागच्या हौसिंगला जीएल-5 दर्जाचं लागतं. पाच आकडा मोठा म्हणून दोन्हीकडे पाच घालू नका. जीएल-5 मध्ये दाबाखाली टिकणारं रसायन जास्त असतं. मागच्या क्राऊन-पिनियनला ते हवंच, पण जुन्या गियरबॉक्समधल्या पितळेला त्यातली काही ऑइलं मानवत नाहीत, आणि गियरही नीट पडत नाहीत.

बोल्टचे आटे पुसून, नवा वॉशर घालून खालचा बोल्ट घट्ट केला. घट्ट म्हणजे जोर आजमावण्याइतका नाही, आटे गेले तर मोठा खर्च. मग लांब नळी आणि नरसाळं. एक जण वरून बारीक धार धरतो, दुसरा खाली पडून बघतो. छिद्राच्या खालच्या कडेपर्यंत आलं आणि थेंब बाहेर ओघळायला लागला की थांबायचं. ओघळ थांबू द्यायचा, वरचा बोल्ट लावायचा. मागच्या हौसिंगवर हवा जायची एक बारीक टोपी असते, ती मातीने बुजलेली असेल तर साफ करा. ती बुजली की आत दाब साचून सीलमधून ऑइल झिरपतं. प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंट-क्रॉसला ग्रीस मारलं आणि काम संपलं. दोन तासांचं काम आम्ही साडेचार तासांत केलं. पोरींनी पाना मागितला तेव्हा पोरं फोटो काढण्यात गुंतली होती, हेही नोंदवून ठेवतो.

आता त्या घमेल्याचं काय? बहुतेक ठिकाणी ते मागच्या नालीत ओततात. इथे आमची माणसं तरी असं करणार नाहीत अशी अपेक्षा आहे. त्या नालीत उद्या कोण उतरणार, हे आपल्याला कुणी सांगायला नको. 2013 चा कायदा होऊनही गटारात मरणाऱ्यांची जात बदललेली नाही. आपण हात काळे करून स्वावलंबनाचा आनंद घ्यायचा आणि त्याचा गाळ आपल्याच भावाच्या नाकातोंडात घालायचा, हा कुठला आंबेडकरवाद? वापरलेलं ऑइल 2016 च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे. झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर चिठ्ठी लावा, आणि नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे ऑइल देणाऱ्या मोठ्या सर्व्हिस सेंटरला नेऊन द्या. बांधकामावर सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला मागायला येतात, त्यांनाही देऊ नका. तिथे ते उघड्या हाताने फासणारे हातही आपलेच असतात.

कुणी म्हणेल, मिस्त्रीच्या पोटावर का पाय? क्लच, बेअरिंग, सील, ही कामं मिस्त्रीचीच आणि त्याला पुरते पैसे देऊनच करून घेऊ. कळंबच्या चाचांकडे आम्ही पुढच्या महिन्यात गाडी नेणार आहोत, त्या पितळी कड्यांसाठी. फरक इतकाच की आता बिल वाचता येईल. गावोगाव आपण बायांना शिकवतो की रोजगार हमीचं मस्टर वाचा, रेशनच्या पावतीवरचे किलो मोजा, अंगठा देण्याआधी विचारा. स्वतःच्या गाडीच्या बिलावर मात्र डोळे मिटून सही केली. करंगळी घालून बघायला दहा मिनिटं लागतात आणि पैसा लागत नाही.

सरांना आम्ही त्या रविवारी बोलावलं होतं. ते आले, खुर्चीवर बसले, शेवटपर्यंत थांबले. जाताना त्यांनी काकांना विचारलं, "आमच्या स्कूटरचंही असंच असतं का?" काका म्हणाले, "घेऊन या सर, बघू."

इतिवृत्ताच्या वहीत आता गाडीसाठी वेगळं पान आहे. तारीख, किलोमीटर, कोणतं ऑइल, किती, बोल्टवर काय दिसलं, आणि चालवणाऱ्याचं म्हणणं. शेवटचा रकाना काका सांगतात तसा, त्यांच्याच शब्दांत लिहायचा असं ठरलं आहे. पुढची तपासणी 6 डिसेंबरला मुंबईला निघण्याच्या आधीच्या रविवारी, सकाळी आठ वाजता, विहाराच्या आवारात. जुने कपडे घालून या, आणि झाकणाचा रिकामा कॅन असेल तर सोबत आणा.

जय भीम.